ओल्या चामड्याची पट्टी

सेवकराम शाहिराच्या घरात लेकरू रडलं तरी तालात रडलं पाहिजे, नाहीतर थापड! अड्याळकडच्या त्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली, की खडी गंमत, म्हणजे दोन पार्ट्यांचा उभ्यानं रंगणारा सवाल-जवाबाचा तमाशा, सेवकरामचीच. मोठा लेक तुलाराम ढोलकीवर, धाकटा जागेश्वर झांजेवर. जागेश्वरची झांज चुकली की बाप गाणं न थांबवता तुणतुण्याचा दांडा त्याच्या पाठीत घालायचा. त्या माराला कंटाळून पोरगा पुस्तकात घुसला आणि नागपूरला डॉक्टरकीला लागला. शिकवलं कुणी? तुलारामच्या ढोलकीच्या कमाईनं.

१९७३ची मंडई. समोर गोमाजीची पार्टी. सवालाचं उत्तर सुचेना म्हणून गोमाजीनं रुखमाचं, म्हणजे या दोघा भावांच्या मायचं, नाव गाण्यात ओढलं. झालं! तुलारामनं गळ्यातली ढोलकी काढली आणि त्याच्या तोंडावर घातली. दात पडले. मग कोण कुणाला मारतंय ते देवालाच ठाऊक! लाठ्या चालल्या, दुकानांतल्या शेवचिवड्याच्या पराती उलथल्या, डोकी फुटली. कुणीतरी बैलबंडीची उभारी, कडेचा लाकडी खुंट, उपसून तुलारामच्या डाव्या मनगटावर हाणली आणि हाड कडकन मोडलं.

सेवकरामनं वैद्याला बोलावलं नाही. चामडं त्याच्याएवढं कुणाला कळत होतं? ढोलकी ओल्या चामड्यानं मढवायची. सुकताना ते असं आवळतं की नुसतं बोट टेकवलं तरी बोलतं. मोडलेलं हाडही तसंच घट्ट बसेल, हा त्याचा हिशेब. शेळीचं ओलं चामडं त्यानं लेकाच्या मनगटाला गुंडाळून बांधलं. मायेनं बांधलं हो, फुंकर घालत घालत. चामडं सुकत गेलं आणि हात आतल्या आत मरत गेला. तुलाराम गुरासारखा ओरडायचा, बाप म्हणायचा, "हाड जुळून राहिलं, सोस जरासा."

निरोप पोचून जागेश्वर नागपूरहून आला, तोवर बोटं काळी पडली होती आणि खोलीत वासानं उभं राहवत नव्हतं. त्यानं चामडं कापलं आणि मायकडं वळला.

"दादाचा हात गेला, माय. तोडला नाही तं जीव बी जाईन."

सेवकराम कुऱ्हाड घेऊन दारात आडवा झाला. "ढोलकीवाल्याचा हात तोडतं का बे? त्यापरिस मारूनच टाक ना त्याले!"

जागेश्वरनं बापाच्या छातीत लाथ घातली. हो, जन्मदात्या बापाच्या! कुऱ्हाड हिसकून अंगणात भिरकावली, बापाला खोलीत कोंडून कडी लावली आणि भावाला बंडीत घातलं. आत म्हातारा दारावर डोकं आपटून शिव्या देत होता. रुखमानं बंडीचं चाक धरलं.

"हात कायनं गेला, ते तुया बापाले कधी सांगू नोको रे. हिरीत उडी मारन तो."

"नाही सांगत, माय."

आणि नाही सांगितलं. नागपूरच्या दवाखान्यात हात तोडला, तेव्हा जागेश्वर टेबलाशी उभा होता. गावाला तेवढं पुरलं. भावानं भावाचा हात कापला म्हणे! सेवकरामनं चारचौघांत थुंकून सांगितलं, "माया दारात पाय ठेवला तं खांडोळी करीन." एवढा मोठा राग एकट्यानं अंगावर घेऊन जागेश्वर विलायतेला गेला. तिथं हाडांचा डॉक्टर झाला. कुणाचं प्लास्टर जरा घट्ट दिसलं, की नर्सच्या अंगावर असा धावून जायचा की ती बिचारी रडायची.

१९८५ साली रुखमा गेल्याची तार आली, तेव्हा तो परतला. सेवकराम उंबऱ्यातच बसला होता, हातात तीच कुऱ्हाड. "आला का बे, कसाया!" पहिला दांडा जागेश्वरच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. तो हलला नाही. म्हाताऱ्यानं कुऱ्हाड फिरवली, आता पातं पुढे. तेवढ्यात तुलारामनं एका हातानं दांडा धरला.

"मारू नोको, बाबा! हात त्यानं नाही खाल्ला. तुया चामड्यानं खाल्ला!"

"दादा, चूप!" जागेश्वर ओरडला. "मायले शब्द देल्ला मी!"

"माय गेली. मी कायले चूप राहू? बारा वर्षं चूपच राहिलो ना! तू बांधून राहिला होता, बाबा, तवाच बोटं बधिर होऊन राहिली होती. सांगलं होतं मी. तू म्हणे, सोस."

सेवकरामला ते आठवलं असावं. त्यानं एकदा तुलारामच्या थोट्या हाताकडं पाहिलं. मग कुऱ्हाड जागेश्वरच्या हातात कोंबली, गुडघ्यावर बसला आणि आपलं डावं मनगट उंबऱ्यावर ठेवलं.

"काप! काप ना बे, डॉक्टर!"

जागेश्वरनं कुऱ्हाड अंगणात भिरकावली. बापासमोर खाली बसून त्यानं ते मनगट दोन्ही हातांत धरलं, सैलच धरलं. म्हातारा ते हिसके देऊन सोडवू लागला, शिव्या देऊ लागला, मोठ्यानं रडू लागला. जागेश्वरनं सोडलं नाही, आणि आवळलंही नाही.