सहा शब्दांचं कुलूप

आमच्या घरात चोरण्यासारखी वस्तू एकच आहे, ती म्हणजे सासूबाईंनी लग्नात दिलेलं पितळेचं पातेलं. तरीही गेल्या वर्षी मी आमच्या लॅपटॉपला तिजोरीलाही लाजवेल असा बंदोबस्त केला.

सुरुवात पेपरातल्या एका लेखाने झाली. संगणकाच्या प्रोसेसरमध्येच म्हणे खोट सापडली होती. हा गृहस्थ वेळ वाचवायला पुढची कामं अंदाजानेच उरकून ठेवतो आणि त्या अंदाजांच्या खुणा मागे राहतात. मग शेजारी चालणारा एखादा लबाड प्रोग्राम, कशाला किती वेळ लागला एवढ्यावरून आपली गुपितं ओळखतो.

मी स्मिताला (म्हणजे सौभाग्यवतींना) समजावलं, "हे बघ, परबकाकू कशा भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्ट्या मोजून सांगतात की आज वाटाण्याची उसळ? अगदी तसं."

"मग त्यात बिघडलं काय?" ती म्हणाली. "उसळ झाली की वाटीभर मीच नेऊन देते."

परळच्या चाळीत पन्नास वर्षं काढलेल्या माणसाने गुप्ततेच्या मागे लागू नये, हे मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी सुरक्षित ऑपरेटिंग सिस्टिम शोधायला बसलो.

पहिली इतकी सुरक्षित होती की तिने आमचं वायफायसुद्धा ओळखायला नकार दिला. दुसरीत प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र खोली, स्वतंत्र दार. एक फोटो या खोलीतून त्या खोलीत न्यायचा तर तीनदा परवानगी. शिवाय एवढी बिऱ्हाडं एकदम नांदवताना लॅपटॉपचा पंखा असा घरघरायचा की स्मिता दोनदा गॅस बंद करून आली. तिसरी मला पटली. शेजाऱ्याला कानोसा घेता येऊ नये म्हणून तिने प्रोसेसरची निम्मी ताकदच बंद ठेवली होती आणि अख्ख्या डिस्कला एकच कुलूप घातलं होतं.

कुलूप म्हणजे सहा शब्दांचा पासवर्ड. शब्द एकमेकांशी संबंध नसलेले हवेत, असा नियम. मी सायलीचा, म्हणजे आमच्या मुलीचा, शाळेतला शब्दकोश घेतला, लुडोचा फासा टाकत पानं निवडली आणि सहा शब्द काढले. कागदावर लिहायचे नाहीत. कोणाला सांगायचे नाहीत. बायकोलाही नाही.

"मला नकोच आहेत," बायको म्हणाली.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण सायली डिझाइनच्या कॉलेजात प्रवेशासाठी लालबागच्या मसाला बाजाराची चित्रं लॅपटॉपवर काढत होती. सहा महिन्यांचं काम. त्याच्या प्रती इंटरनेटवर आणि पेनड्राइव्हमध्ये होत्या, त्या मी तिला पुसायला लावल्या. "आपले कपडे दुसऱ्याच्या कपाटात कशाला ठेवायचे?" असं वर ऐकवलं.

मग भाच्याच्या लग्नासाठी आम्ही सगळे आठ दिवस गावी गेलो. सोलकढी, मासे, दुपारची झोप. परत आलो तो चित्रं पाठवायचा शेवटचा दिवस. मुदत संध्याकाळी पाचची.

पावणेचारला मी लॅपटॉप उघडला आणि लक्षात आलं की सहा शब्दांपैकी माझ्याकडे पाचच उरलेत.

"आठवा, बाबा," सायली म्हणाली.

"आठवतोय. मधला एक गेलाय. पक्ष्याच्या आणि रांगोळीच्या मधला."

कावळा टाकून पाहिला, कंदील टाकून पाहिला. सव्वाचार झाले.

"गाढव टाकून बघा," स्मिता म्हणाली. (टाकला. नव्हता.)

साडेचारला सायली रडायला लागली. मी बापाच्या मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने तितक्याच मायेने उचलून बाजूला ठेवला. तेवढ्यात पदराला हात पुसत परबकाकू दारात आल्या.

"काय झाला गो? पोरगी कित्याक रडता?"

"ह्यांना पासवर्ड आठवत नाही, काकू."

"मगे सांग ना माका, खयचो तो."

"काकू, तो कोणाला सांगायचा नसतो," मी म्हणालो आणि पुन्हा पहिल्यापासून पुटपुटायला लागलो, "फणस, पोस्टमन, घुबड..."

"तांब्या," काकू म्हणाल्या. "रांगोळी, आत्याबाई."

मी काकूंकडे वळलो.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"रोज सकाळी साडेसाताक भिंतीपलीकडून ऐकतंय. माका वाटला, तुका विसरूक होता म्हणान डॉक्टरान शब्द पाठ करूक दिल्यानी. मीय पाठ करतंय. आमचो दुपारचो सगळो गट करता."

गटात अकरा बायका. त्यातल्या दोघी तर आता चाळ सोडून शीवला राहायला गेल्यात! मी टाइप करताना मोठ्याने बोलतो, हे माझ्याखेरीज सगळ्या मजल्याला माहीत होतं.

तांब्या टाकला. कुलूप उघडलं. निम्म्या ताकदीच्या प्रोसेसरने कण्हत कण्हत एकेक चित्र वर चढवलं आणि पाचला तीन मिनिटं कमी असताना सायलीने सुस्कारा सोडला. पुढे तिला प्रवेश मिळाला. पेढे आधी परबकाकूंकडे गेले, मग देवापुढे, मग माझ्याकडे.

दुसऱ्याच दिवशी मी नवे सहा शब्द निवडले आणि ओठ घट्ट मिटून टाइप केले.

"दिनू, आज नवीन धडो नाय?" भिंतीपलीकडून आवाज आला.

मी उठून दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी मात्र लॅपटॉपपुढे बसलो आणि सहापैकी सहाही शब्द गेलेले होते.

तेव्हा सायलीने अख्खी यंत्रणा नव्याने बसवली आणि तिसऱ्यांदा शब्द निवडायला मला बसू दिलं नाही; काकूंना पाठ असलेले जुनेच ठेवले. आता मी रोज साडेसातला दार उघडं टाकून, सावकाश, खणखणीत आवाजात पासवर्ड टाइप करतो आणि पलीकडून काकूंनी तो परत म्हणून दाखवेपर्यंत एंटर दाबत नाही. प्रोसेसरशेजारच्या त्या लबाड प्रोग्रामला मात्र अजून एक अक्षर ऐकू गेलेलं नाही.