गाडीखालच्या कॅमेऱ्याचं घड्याळ

समजा, तुम्हाला एक घड्याळ निवडायचंय. मनगटावरचं नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढं, सर्किट बोर्डावर बसणारं. त्याला काटे नाहीत. ते सेकंदाला कोट्यवधी ठोके देतं आणि त्या तालावर बोर्डावरच्या चिप एकमेकींशी बोलतात. ठोका जरा पुढेमागे झाला, की चित्राच्या चिंध्या. आणि हा बोर्ड बसणार धावत्या रेल्वेगाडीच्या पोटाखाली, रुळांतल्या भेगा टिपणाऱ्या कॅमेऱ्यात. घ्या, निवडा!

असे कॅमेरे बनवणाऱ्या कारखान्यातल्या ताईने ते निवडलं होतं. बोर्डाची आखणी तिची. तिचा दादा धुक्यातही रुळांवरून पायी फिरून भेगा शोधायचा, म्हणून हा कॅमेरा तिच्या जिवाचा होता.

"क्वार्ट्झचंच घड्याळ घे गं," काका म्हणाले. तिचे हे वरिष्ठ, उभा जन्म क्वार्ट्झच्या स्फटिकांत गेलेला. "जुनं ते सोनं."

"काका, तुमचं सोनं हादऱ्यांनी डगमगतं. या, दाखवते."

हादरे देणाऱ्या टेबलावर क्वार्ट्झच्या बोर्डाचं चित्र फाटलं. ताईने निवडलेल्या मेम्स ऑसिलेटरचं, म्हणजे सिलिकॉनच्या सूक्ष्म घड्याळाचं, शाबूत राहिलं. त्यात निर्वात पोकळीत सिलिकॉनची केसाहून बारीक पट्टी थरथरत असते. मग तिने ते भट्टीत तापवलं, बर्फासारखं गार केलं. ठोका चुकला नाही.

"हरलो बाई," काकांनी हात जोडले.

पण बोर्ड आत घालून सीलबंद होऊन आलेले कॅमेऱ्यांचे सगळे डबे सुट्टीनंतर लावून पाहिले, तर एकही कॅमेरा बोलेना. घड्याळच थांबलेलं. साहेब म्हणाले, "क्वार्ट्झ बसवा आणि मोकळे व्हा." काकांचा क्वार्ट्झचा आराखडा तयार होता. त्यांनी नुसती मान डोलावली असती तरी ताईची निवड कचऱ्यात गेली असती.

"साहेब, पोरीला पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ द्या," काका म्हणाले. "तोवर माझा आराखडा सापडत नाहीये असं समजा."

ताईने एक डबा उघडून तसाच ठेवला. दोन दिवसांनी त्यातलं घड्याळ आपोआप चालू झालं! बिघाड घड्याळात नाही, मग डब्यात असं काय आहे? ती तडक सीलिंगच्या खोलीत गेली. तिथल्या बाईंना सगळे गळतीबाई म्हणत. त्या प्रत्येक डब्यात हेलियम वायू भरत आणि बाहेरून गळती हुंगणाऱ्या यंत्राची नळी फिरवून तो कुठे झिरपतो ते शोधत.

"हाच वायू का वापरता हो?"

"याच्याइतका बारका कोण आहे? कुठूनही वाट काढतो मेला."

ताई जागच्या जागी थबकली. बाहेर वाट काढतो, तर आतही काढेल. थेट घड्याळाच्या त्या निर्वात पोकळीत, आणि पट्टीची थरथर थांबवेल. तिने एक बोर्ड हेलियमच्या पिशवीत ठेवला, एक नायट्रोजनच्या. दुसऱ्या दिवशी हेलियममधला थांबला होता, नायट्रोजनमधला चालूच होता. ऊन, थंडी, हादरे सगळं तपासलं, पण डब्यात हवा कसली असणार, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं.

"म्हणजे खापर माझ्या वायूवर?" गळतीबाईंनी कंबरेवर हात ठेवले.

"माझ्यावरच फोडा. पण नायट्रोजन भरून, दाब उतरतो का त्यावरून गळती ओळखली तर चालेल?"

"चालेल. वेळ मात्र रग्गड खाईल. आणि माझा डबा गार होईल, जेवणाचा!"

कुरकुरतच त्यांनी सगळे डबे उघडून दोन दिवस तसेच ठेवले आणि मग नायट्रोजनने पुन्हा भरले. शुक्रवारी प्रत्येक कॅमेरा बोलला.

आता दादा फोनवर चिडवतो, "तुझ्या घड्याळाने माझी पायपीट निम्म्यावर आणली. पोट सुटलंय माझं!" ताई हसते आणि म्हणते, घड्याळ मी निवडलं खरं, पण ते टिकवलं काकांनी आणि गळतीबाईंनी. त्यांचे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत.

एक गोष्ट मात्र तिला अजून स्वस्थ बसू देत नाही. साध्या हवेतही हेलियम कणभर असतोच. मग वर्षानुवर्षं तो त्या पोकळीत साठत जाईल, की जेवढा शिरेल तेवढाच बाहेर पडेल?