राखीव कीपरचा रिलीज

अब्बास परकार आमच्या टीमचा दुसरा विकेटकीपर. पहिला कीपर म्हणजे कॅप्टन जिया, आणि जियाला चार सीझनमध्ये कधी साधी सर्दीसुद्धा झाली नाही. त्यामुळे अब्बास चार वर्षं दर शुक्रवारी सकाळी पॅड बांधून तयार व्हायचा आणि बाउंडरीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचा. अकरा जण भरले नाहीत तेव्हा एकूण सात मॅच खेळला, अकरा रन काढले. अंपायर आला नाही की अंपायर व्हायचा, मॅट उलगडायला माणूस कमी पडला की मॅट उलगडायचा. एखादी गोष्ट मागितली आणि मिळाली नाही, तर ती दुसऱ्यांदा मागायची नाही, असा त्याचा स्वभाव. आम्हाला तो स्वभाव फार सोयीचा होता.

तो गुहागरकडचा, मी खेडचा, आणि दोहात दोघं एकाच कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत. तो स्टोअरकीपर, मी ऑफिसात टायपिस्ट. बायको समीना आणि चार वर्षांची रुकैया गावी. मुलीला त्याने जन्मल्यापासून दोनदा पाहिलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यात विशेष काही कुणाला वाटत नव्हतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांची तीच कथा होती.

आमची टीम वाशिष्ठी इलेव्हन, म्हणजे रत्नागिरीवाले. मी तिचा सेक्रेटरी. समोर सावित्री इलेव्हन, म्हणजे रायगडवाले. आता एक शब्द समजावून सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच शब्दाने केला. कतारमध्ये एक कंपनी सोडून दुसरीकडे जायचं तर जुन्या कंपनीचं पत्र लागायचं. त्याला सगळे रिलीज म्हणत. ते मिळालं नाही तर बसा तिथेच, किंवा गावी जा. अशी पत्रं मीच टाइप करायचो आणि मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, सहीला ठेवायचो. आमच्या लीगने नियम बनवताना शब्दही तिथूनच उचलला. सीझनच्या मध्येच खेळाडूने टीम बदलली तर जुन्या टीमच्या सेक्रेटरीने रिलीज द्यायचा. म्हणजे दोन्हीकडे मीच.

२००४ च्या जानेवारीत सावित्रीचा कॅप्टन अश्फाक माझ्याकडे आला. तो उम्म सलाल मोहम्मदला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, गोड बोलणारा माणूस, आणि गोड बोलणाऱ्याचा मला मुळातच संशय येतो. म्हणाला, अब्बास आमच्याकडे येऊ दे, बदल्यात मच्छिंद्र घ्या. रिलीजचं काम तुमच्याच हातात आहे, तेवढं बघा, आणि चार लोकांत बोलू नका.

मच्छिंद्र म्हणजे उरणचा डावखुरा फास्ट बॉलर. लीगमध्ये त्याच्यासारखा दुसरा नव्हता. त्याच्या बदल्यात खुर्चीवर बसणारा कीपर कोण मागतो? आणि वर गुपचूप? मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याच शुक्रवारी दुपारच्या असरच्या नमाजनंतर अल नस्रमधल्या आमच्या खोलीवर टीमची कमिटी बोलावली.

दोन तास खल झाला. सुलेमानी चहाचे तीन राउंड झाले. जियाचं म्हणणं, मच्छिंद्रचा खांदा निकामी झाला असणार आणि ते आपल्या गळ्यात मारतायत. दुसऱ्याचं म्हणणं, तो कायमचा घरी चालला असेल. मग जियाला वेगळीच शंका आली. अब्बास चार वर्षं बाहेर बसून आपल्या प्रत्येक बॅट्समनला बघतोय, कोणाला कुठला बॉल खेळता येत नाही हे त्याला तोंडपाठ आहे. त्यांना कीपर नकोच आहे, त्यांना आपलं गुपित हवंय. ज्या माणसाला आम्ही कधी धड बॅटिंग दिली नव्हती, त्याचा भाव अर्ध्या तासात आभाळाला टेकला.

मी म्हटलं, पारखून बघू. दुसऱ्या दिवशी अश्फाकला फोन करून सांगितलं की नुसता मच्छिंद्र पुरणार नाही, वर तुमचा ओपनिंग बॅट्समन द्या. वाटलं, तो चिडेल, घासाघीस करेल. तो म्हणाला, "घेऊन जा. पण काम लवकर करा."

इतका सहज हो म्हणणारा माणूस मी दोहात पाहिला नव्हता. नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं. मी सावित्रीच्या प्रॅक्टिसला जाऊन लांबून मच्छिंद्रचा खांदा बघून आलो. खांदा ठणठणीत होता. त्याने तर संशय आणखी वाढला. त्याच आठवड्यात मी अब्बासला अश्फाकच्या पिकअपमधून उतरताना पाहिलं. मला बघून तो ओशाळला. कुठे गेला होतास विचारलं, तर म्हणाला, उम्म सलालला, जरा एक जागा बघायला. मी मनात म्हटलं, आत्ता कळलं. आमच्या घरचाच माणूस फितूर आहे.

पुढच्या शुक्रवारी मॅच संपल्यावर मी आणि तो मॅट गुंडाळत होतो. त्याने मान वर न करता विचारलं, "रमीजभाई, अश्फाकभाईंनी तुमच्याकडं विषय काडला ना? मना रिलीज पायजे. मिलेल काय?"

मी ताठपणे सांगितलं, "नाही मिळणार. कमिटीने नाही म्हटलंय."

"कमिटी बसली पन?"

"दोन तास बसली. आता विषय खलास."

त्याने मॅटचं टोक दोरीने बांधलं. मग म्हणाला, "माज्यासाठी एवडा वेल दिलात. शुक्रन." आणि मॅट खांद्यावर टाकून पिकअपकडे गेला. मला त्याच्या तोंडून शुक्रन ऐकून बरं वाटलं. फितुराला कसं जागेवर आणलं, असं मी जियाला रंगवून सांगितलं.

मार्चमध्ये सेमीफायनल सावित्रीशीच पडली. मच्छिंद्रने आमच्या पाच विकेट काढल्या. अब्बास खुर्चीवर होता. मॅचनंतर दोन्ही टीम एकत्र बिर्याणी खायला बसल्या, तेव्हा अश्फाक माझ्या शेजारी येऊन बसला. मी टोमणा मारला, बरं झालं, तुमची गरज आमच्या कीपरवाचून भागली. त्याने हातातली प्लेट खाली ठेवली.

"क्रिकेटचं सोडा हो. त्या माणसाचा रिलीज का अडवलात?"

मग त्याने सगळं सांगितलं. त्याच्या कंपनीत हेड स्टोअरकीपरची जागा निघाली होती. सोबत फॅमिली स्टेटस, म्हणजे बायको-मुलांना आणायची परवानगी, आणि राहायला दोन खोल्या. बातमी फुटली असती तर चाळीस जण रांगेत उभे राहिले असते, म्हणून गुपचूप. अब्बास त्याच्या कंपनीत आला की सावित्रीकडूनच खेळणार, मग वाशिष्ठीवाल्यांना राग नको, म्हणून आपला सगळ्यात चांगला बॉलर त्याने देऊ केला होता. मी ओपनर मागितला तर तोही दिला, कारण पत्र टाइप करून मुदीरपुढे ठेवणारा मीच होतो. महिनाभर जागा रिकामी ठेवली. मग एका मल्याळी माणसाला घेतलं.

रिलीजची पत्रं टाइप करून माझी बोटं झिजली होती, आणि एका माणसाने माझ्याकडे खरा रिलीज मागितला तेव्हा मला क्रिकेटच ऐकू आलं. आमच्या कंपनीतही पगारवाढ-बदलीची एक स्टाफ कमिटी होती. अब्बासला वाटलं, ती बसली. आणि बसलेली कमिटी म्हणजे जिया, मी आणि सुलेमानी चहा.

शनिवारी मी स्टोअरमध्ये गेलो. तो पाइपांच्या फिटिंग खोक्यांत लावत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याने हातातली एल्बो खोक्यात ठेवली.

"म्हंजे मुदीरला कोनी विचारलंच नाय?"

"नाही."

मला वाटलं, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला की समीनाला त्याने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, नाही म्हणाले खरे, पण माझ्यासाठी कमिटी दोन तास बसली. ती म्हणाली, स्टोअरकीपरसाठी कुठली कंपनी दोन तास बसते? तेव्हापासून तिच्या मनात बसलंय की यांनी मागितलंच नाही. आपल्याला आणायचं यांच्या मनात नाही. आता फोन केला की ती फक्त रुकैयाला देते.

"तुमी सांगा तिला," तो म्हणाला. "माजं खरं वाटत नाय."

त्याने तिथेच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी समीनाला लग्नात एकदाच पाहिलं होतं. मी सुरुवातीपासून सांगितलं. मच्छिंद्र, ओपनर, कमिटी, बिर्याणी, मल्याळी माणूस, काही सोडलं नाही. चूक माझी आहे, अब्बासने मागितलं होतं, हे तीनदा म्हटलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मीच बोलता बोलता ऐकत होतो, आणि मलाच ते सगळं बनवलेलं वाटत होतं.

बोलून झाल्यावर ती म्हणाली,

"रमीजभाई, एवडं सगलं तुमच्याकडनं पाठ करून घेतलं त्यांनी. मना एकच खरं सांगा. तिकडं दुसरी कोन हाय काय?"

स्टोअरमध्ये दुसरा आवाज नव्हता. अब्बास माझ्या समोर उभा होता आणि त्याला तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं होतं.