ढोलावर रंगवलेला शब्द

फ्रीगंजातला आमच्या मराठी मंडळाचा हॉल. गणपतीची आरती झाली, मी ढोल खाली ठेवला आणि पाहुणे साहेब माइकसमोर आले. इंग्रजीत बोलले. त्यातला एकच शब्द मला पकडता आला, कारण तो म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं. डिन.

हॉल हसला. मी उठलो, हात जोडले, चारी बाजूंना वळून नमस्कार केला. हॉल आणखी हसला. मला वाटलं, मैदान मारलं.

मंडळाचा सेक्रेटरी सुधीर. बँकेत ऑफिसर. शाळेत आम्ही एका बाकावर. माझ्या डब्यातली चटणी-भाकर तो त्याच्या आईला न सांगता खायचा. त्याला विचारलं, "डिन म्हणजे काय रे?"

"गजर. देवाचा गजर. साहेबांनी तारीफ केली तुझी, यार."

डोळ्यांत बघून म्हणाला.

आता माझी अक्कल बघा. दुसऱ्या दिवशी ढोल घेऊन देवास गेटच्या पेंटरकडे गेलो आणि ढोलाच्या पोटावर तो शब्द इंग्रजीत काढून घेतला. लाल अक्षरं, पिवळी सावली. पेंटर म्हणाला, "ये कौन सी कंपनी है भैया?" मी म्हणालो, "कंपनी नहीं, खिताब है."

वर्षभर मिरवला. मंडळात पाय ठेवला की कुणीतरी म्हणायचं, "आले डिनवाले." मी छाती काढून म्हणायचो, "हाजिर."

मंडळातल्या या लोकांचे पूर्वज महाराष्ट्रातून इकडच्या दरबारात दफ्तर सांभाळायला आले, आमचे वाजवायला. आले एकाच लवाजम्यातून. आज ते हॉलमध्ये जेवतात. वाजवणाऱ्यांची पानं बाहेर, चपलांच्या रॅकपाशी. "घामाघूम असता, बाहेर हवा लागेल," म्हणतात. मी हेही खरं मानत होतो. मला हवा लागायचीसुद्धा.

पोटापाण्याला मी ई-रिक्षा चालवतो. यंदा गणपतीच्या आधी ढोलाला चामड्याचं नवं पान चढवून घरी आणत होतो. मागच्या सीटवर ढोल, शेजारी पुण्याहून आलेली एक मुलगी, राम घाटाची सवारी. ती ढोलावरचं वाचून हसली. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"काका, हे कुणी लिहिलं?"

"मीच. गजर म्हणतात त्याला."

मी आरशातून बघत राहिलो. ती हळूच म्हणाली, "गजर नाही हो. डिन म्हणजे कान किटवणारा, न थांबणारा गोंगाट. कटकट."

घाटावर तिला उतरवलं आणि रिक्षा तशीच वळवली.

सुधीरच्या घरी जाऊन त्याला विचारलं. "तुला अर्थ माहीत होता?"

"अरे, मजाक होता. दिलपे काय घेतोस?"

"आणि मंडळात?"

"सगळ्यांनाच माहीत होता. तू एवढा खूश होतास, कोण सांगणार?"

साहेबांचा राग नाही आला. ते परके, त्यांना गोंगाट वाटला, ते म्हणाले. हा माझ्या डब्यातला. याने मला माझ्याच हाताने शिवी रंगवू दिली. वर्षभर मी तिला हार घातले.

विसर्जनाचा दिवस. आमच्यात रीत आहे, ढोलावर पहिली थाप पडल्याशिवाय मूर्ती जागची उचलत नाहीत. सगळे पाटाला हात लावून वाकून उभे. ढोल माझ्या गळ्यात, अक्षरं त्यांच्याकडे.

"वाजव ना," सुधीर म्हणाला.

मी हात उचलला नाही. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. पाटाशी वाकलेल्यांच्या कमरा भरून आल्या.

"अबे, वाजव. मुहूर्त जातोय."

"कटकट कशाला? शांततेत न्या."

"माफी मागतो, चल. आता तरी वाजव."

"बाहेर जातो. हवा लागेल."

ढोल घेऊन निघालो. मूर्ती मागून मोबाइलवर गाणं लावून उचलली म्हणे.

पेंटर विचारतो, पुसून देऊ का? नको. तो शब्द तिथेच राहील. आता मी आमच्या गल्लीच्या गणपतीत वाजवतो, आधीपेक्षा जोरात. ढोल बघून कुणी विचारलं तर अर्थ मी सांगतो, खरा. मला खोटा कुणी सांगितला होता, तेही सांगतो. नाव घेऊन.

त्या हॉलसाठी माझा हात पुन्हा उठणार नाही.