निनावी चिठ्ठी

चिठ्ठी कोणाची आहे हे शोधणार नाही आणि कोणावर राग धरणार नाही, असं वचन मी भर वर्गात दिलं होतं. ते मी मोडलं. शोधावं लागलंच नाही, असा माझा बचाव होता. तो मलाच पटत नाही.

नव्वदीच्या दशकात फरीदाबादच्या आमच्या कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला आणि आम्हा अधिकाऱ्यांना प्रशिक्षण शिबिरांना धाडू लागले. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्यांकडून निनावी अभिप्राय घ्यावा, हे मी तिथे शिकलो. दर रविवारी मी आमच्या नव्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रौढांना हिंदी लिहायला शिकवायचो. माळी यायचा, चौकीदार यायचे, आमच्याकडे पोळ्या करणारी चाची यायची. तिला सासरी गेलेल्या मुलीला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं होतं. आजवर शेजारी लिहून द्यायचा आणि मजकूर सगळ्या गल्लीला कळायचा.

मी उत्साहाने चिठ्ठ्या वाटल्या. ज्यांना अक्षर मीच गिरवून दिलं, त्यांची चिठ्ठी मला निनावी कशी राहणार, हे काही सुचलं नाही. बहुतेकांनी 'बहुत अच्छा' लिहिलं होतं. एका चिठ्ठीवर मात्र पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटला होता: 'मास्टरजी बहुत बोलते हैं. हम लिख नहीं पाते.' इतकं दाबून फक्त चाची लिहायची. त्यातला 'ल'सुद्धा माझ्याच मराठी वळणाचा होता.

मी हसून सगळ्यांचे आभार मानले आणि पुढचे तीन रविवार चाचीच्या वहीवर लाल शाई ओतली. चौथ्या रविवारी ती आली नाही.

पोळ्यांना येत राहिली. बायको म्हणाली, "अहो, चाचीला काय बोललात? फक्त तुमच्याच पोळ्या करपतात."

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन माफी मागू लागलो. आधी शिबिर समजावलं, मग माझा स्वभाव. चाचीने लाटणं थांबवलं. "फिर वही, मास्टरजी. लिखकर दीजिए, हम पढ़ लेंगे."

मी दोन पानं लिहिली. पिठाचं बोट ओळीखाली ठेवत, अक्षर अक्षर जोडत तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बायको ऐकत होती. चार ओळींनंतर चाचीने पानं परत दिली.

"बहुत लंबा है. इतने में तो रोटी जल जाएगी."

मी नवा कागद घेतला.

'चाची, आपने सही लिखा था. मैंने बदला लिया. माफ़ कीजिए. रविवार को आप लिखिए, मैं चुप बैठूँगा.'