एक घर सोडून

तडीपारीची नोटीस शेवटी रद्द झाली, हे आधीच सांगून टाकते. मला गोष्टी लांबवायला आवडत नाहीत. शिवाय जे बिघडलं ते निकालामुळे बिघडलं नाही. निकाल आमच्या बाजूने लागला. बिघडलं ते त्याआधीच, पनवेलला येणाऱ्या एका टेम्पोत.

मी विचुंब्याला राहते. एका कंपनीत ॲडमिनला आहे, म्हणजे दिवसभर लोकांना त्यांच्या राहिलेल्या कामांची आठवण करून देते. शनिवारी जुन्या पनवेलमध्ये एका दवाखान्यावरच्या खोलीत जाऊन तेच काम बिनपगारी करते. ती खोली म्हणजे आमची संस्था. दोन टेबलं, एक कपाट, पावसाळ्यात गळणारी एक खिडकी. जमीन, भराव, पुनर्वसन यांत अडकलेली माणसं येतात, आमचे वकील त्यांचं ऐकून घेतात आणि मी तारखा सांभाळते. कोणाची कुठे तारीख, कोणाला झेरॉक्स हवी, कोणाला आदल्या दिवशी फोन करायचा, हे माझ्या यादीत असतं. यादीत नसलेलं काम होत नाही, असा माझा अनुभव आहे.

मावशी तिथेच भेटल्या. गव्हाणच्या पुढे खाडीकाठी त्यांचं गाव. उरण नाक्यावर बसून त्या सुकी मासळी विकायच्या. जवळा, सुकट, थोडे बोंबील. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर दोन भावांचं, ओटा एक. एका खोलीत मावशी, दुसरीत त्यांचा दीर आणि जाऊ. धंदा दोघी जावांचा मिळून. मावशी बाजारात बसायच्या, कारण त्यांना भाव करता यायचा. जाऊ घरी जवळा वाळवायची, राखायची, सुपात घेऊन पाखडायची. तिच्या हातचा जवळा इतका स्वच्छ की तो थेट तव्यावर टाकावा.

खाडीत भराव सुरू झाला तेव्हा गावातल्या बायका डंपरसमोर उभ्या राहिल्या. त्या चिखलातच त्यांना कालवं, चिंबोऱ्या, निवट्या मासळी मिळायची. मावशी पुढे होत्या, कारण त्यांचा आवाज मोठा आणि भीड कमी. कोणी दगड उचलला नाही. तरी सरकारी कामात अडथळा आणल्याची एक केस झाली, मग दुसरी. आणि मग तडीपारीची नोटीस: रायगड, ठाणे, मुंबई या जिल्ह्यांतून दोन वर्षं हद्दपार का करू नये, याचा खुलासा करा.

नोटीस घेऊन त्या खोलीत आल्या तेव्हा घाबरलेल्या कमी आणि चिडलेल्या जास्त होत्या.

“तडीपार ते गुंड असतात ना गो ताई? मी काय गुंड हाय? माज्याकडं हत्यार काय, त मासली कापायचा कोयता.”

“मावशी,” वकील म्हणाले, “साहेबांसमोर कोयत्याचं नावसुद्धा काढू नका.”

“मंग मासली काय दातानं कापू?”

आम्ही हसलो. मावशीही हसल्या. मग त्यांनी विचारलं, “खरंच काढला बाहेर तर मी जाऊ कुठं? पोरगी नाशकाला हाय. तिथं खाडी हाय का?”



वकिलांनी नोटीस मोठ्याने वाचून दाखवली. मावशींच्या दहशतीमुळे परिसरातले लोक उघडपणे साक्ष द्यायला धजावत नाहीत, असं तिच्यात होतं. म्हणून दोन साक्षीदारांचे जबाब गुप्तपणे घेतले होते. नावं नव्हती. साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’. ‘अ’ त्याच वस्तीत राहणारा. मावशींनी त्याला घरासमोर शिवीगाळ करून धमकावलं म्हणे.

“घरासमोर?” मावशी म्हणाल्या. “म्हंजे आमच्यातलाच?”

“आहे म्हणतात,” वकील म्हणाले.

मावशी नोटिशीकडे बघत राहिल्या. वाचता येत नव्हतं, पण वकिलांचं बोट जिथे टेकलं होतं तिथेच त्यांची नजर होती.

मग तारखा सुरू झाल्या. सुनावणी घेणाऱ्या पोलिस साहेबांच्या कार्यालयाबाहेर एक लांब बाकडं होतं, त्यावर आम्ही बसायचो. कधी साहेब बंदोबस्ताला, कधी मीटिंगला, कधी नुसतीच पुढची तारीख. मावशींचा बाजाराचा दिवस जायचा. पहिल्या काही तारखांना त्यांची जाऊही सोबत आली होती. ती कमी बोलायची. डब्यात भाकरी आणि जवळ्याची चटणी आणायची, आणि मावशींच्या आधी मला वाढायची. “तुमी शहरातली मान्सं उपाशी ऱ्हाता आनि मंग चक्कर येते,” म्हणायची. एकदा बाकड्यावर आमच्याबरोबर बसलेल्या एका हवालदारालाही तिने चटणी दिली होती. मावशी पुटपुटल्या, “त्याला कशाला घालतेस गो? तोच आपल्याला बाहेर काढनार.” जाऊ म्हणाली, “काढू दे. पोटभर खाऊन काढू दे.”

नंतर ती येईनाशी झाली. घरी काम आहे, असं मावशी म्हणाल्या. आम्ही कोणी जास्त विचारलं नाही.

प्रतिज्ञापत्रांची कल्पना वकिलांची होती आणि ती चांगली होती. आजही मला ती कागदावर चांगलीच वाटते. नोटीस म्हणते की वस्ती मावशींना घाबरते. मग वस्तीतल्या प्रत्येक घराने लिहून द्यायचं: आम्ही घाबरत नाही, त्यांनी आम्हाला कधी धमकावलं नाही, आम्ही असा जबाब दिलेला नाही. वीस-पंचवीस घरं. सगळ्यांना एका दिवशी पनवेलला आणायचं, नोटरीसमोर सह्या आणि अंगठे घ्यायचे, संपलं. मी घरांची यादी केली, आधार कार्डांच्या प्रती गोळा केल्या, स्टॅम्प पेपर आणले, गावातला एक टेम्पो ठरवला. हे काम मला येतं.

मी सकाळीच गावात गेले होते. बायका नटून आल्या होत्या. कोणी गजरा माळला होता, कोणी डोळ्यांवर गॉगल चढवला होता. लग्नाला निघाल्यासारखी गडबड. मावशी टेम्पोत पुढच्या बाजूला बसल्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी आपली पिशवी ठेवली.

“मावशी, पिशवी घ्या की मांडीवर, जागा नाय,” एक जण म्हणाली.

“ती जागा जावेची हाय.”

आम्ही थांबलो. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी मी त्यांच्या ओट्यावर गेले. जाऊ दारातच उभी होती, जुन्या साडीत, हात ओले.

“चला ना,” मी म्हटलं. “सगळे बसलेत.”

“मना याया जमनार नाय, ताई.”

“अर्ध्या दिवसाचं काम आहे. दुपारी परत सोडतो.”

“नाय जमनार.” तिने पाठ फिरवली आणि आत गेली.

मी परत येऊन सांगितलं की त्यांना जमत नाही. टेम्पो निघाला. उलव्याच्या बाजूचे टॉवर मागे पडले. मग मागून एक बाई, गावात थट्टेखोर म्हणून माहीत असलेली, म्हणाली, “चला, आता समजलं ‘अ’ कोन ते.”

दोघी-तिघी फिसकन हसल्या. “गप गो,” मावशी म्हणाल्या. पण त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. रिकाम्या जागेवर लगेच कोणीतरी सरकून बसलं.

त्या दिवशी सगळं वेळेत झालं. नोटरीकडे रांग लागली, अंगठ्यांची शाई बायकांनी एकमेकींच्या पदराला पुसली, चहा झाला. माझ्या यादीत प्रत्येक घरापुढे खूण होती. एका घरापुढे नव्हती.

पुढच्या तारखेला वकिलांनी तो गठ्ठा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो शांतपणे चाळला. वस्तीचा नकाशा त्यांच्याकडे होताच. मग त्यांनी मान वर केली आणि अगदी सहज म्हणाले, “सगळ्यांची आहेत की. एक घर सोडून.”

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या.

गावात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला आता वाटतं. मावशींना भांडता येतं. भांडून मिटवताही येतं. पण इथे बोलण्यासारखं काही नव्हतंच. एका सकाळी जावेने आपल्या वाट्याचा जवळा ओट्याच्या आपल्या बाजूला वेगळा पसरला. त्यानंतर काही दिवसांनी मध्ये पत्र्याची आडोशाची भिंत उभी राहिली. दिराने ठोकली. “बरी झाली,” मावशी मला म्हणाल्या. “कुत्री येत होती.” गावात कुत्री पूर्वीपासूनच होती.

नोटीस रद्द झाल्याचं पत्र आलं तेव्हा आम्ही खोलीत पेढे वाटले. गुप्त जबाबांत ना तारीख, ना वेळ, ना नेमकी जागा, वस्तीची प्रतिज्ञापत्रं नेमकं उलट सांगतात, आणि त्या जबाबांवर विसंबून एका बाईला घराबाहेर काढता येणार नाही, असं त्यात होतं. खालच्या डॉक्टरांनाही पेढा दिला. त्यांनी तो घेतला आणि हळूच म्हणाले, खोलीचं काही दुसरीकडे जमतंय का बघा, माझ्याकडेही पोलिस चौकशीला येऊन गेले. तेही मी यादीत लिहिलं.

सगळे गेल्यावर मी फाइल बांधत होते. वकिलांना विचारलं, “पण ‘अ’ कोण होता?”

“कोणी नसेलही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“असे जबाब मी पुष्कळ वाचलेत. सगळे एकाच साच्यातले. तोच रस्ता, तीच शिवीगाळ, तीच भीती. माणूस असतोच असं नाही.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगून काय सिद्ध करणार होतो? नसलेला माणूस सिद्ध करता येत नाही. प्रतिज्ञापत्रं करता येतात.”

त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्या प्रतिज्ञापत्रांनीच केस जिंकली.

पत्राची प्रत द्यायला मी गावी गेले. मावशींना सगळं सांगितलं, वकिलांचं म्हणणंही. त्या ओट्यावर जवळा निवडत बसल्या होत्या.

“कोनीच नव्हता?”

“कदाचित.”

“मंग ती टेम्पोत का नाय बसली?”

मी पत्र्याला वळसा घालून पलीकडे गेले. जावेने मला पाणी दिलं आणि काही न विचारताच बोलायला लागली. मुलाला बोटीवर नोकरी लागायची होती. त्याच्या पासपोर्टसाठी पोलिस चौकशीला घरी आला होता. जाताना म्हणाला, शेजारच्या बाईच्या भानगडीत सही-बिही करू नका, पोराचे कागद अडकतील. एवढंच.

“जबाब दिला मी? मी कुनाला काय पन सांगितलं नाय. आमच्या घरासमोर शिव्या दिल्या बोलतात. अगो, ती रोजच देते. मना, कावल्यांना, सगल्यांना. त्याचा कुनी जबाब देतं?”

“मग हे तुम्ही त्यांना का नाही सांगितलंत?”

“तिनं इचारलं असतं तर सांगितलं असतं. तिनं इचारलं नाय. नुसती टेम्पोत पिशवी ठेवली.”

मी पुन्हा पत्र्याला वळसा घालून आले. मावशींनी सगळं ऐकलं होतं. पत्र्याची भिंत ती, आवाज कुठे थांबणार. त्या जवळ्यातला एक खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या, “मी का इचारू? मी मोठी. तिनं सांगाया नको?” हे त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या. पलीकडे भांडी घासण्याचा आवाज सुरू झाला.

मी तिथे बराच वेळ बसले. दोघींना समोरासमोर बसवायचं, चहा करायचा, एकेकीला बोलू द्यायचं, असं काहीसं माझ्या डोक्यात जुळत होतं. पण ते माझ्याच्याने उठून करवलं नाही. अशीच सगळी जुळवाजुळव करून आम्ही टेम्पो भरला होता.

मुलाचा पासपोर्ट आला. तो बोटीवर गेला. मावशी पुन्हा उरण नाक्यावर बसतात, पण रोज नाही. अर्धे दिवस घरी राहून वाळवण राखावं लागतं. भरावही पुन्हा सुरू झाला आहे. या वेळी बायका पुढे गेल्या नाहीत. कोणी बोलवायचं आणि कोणाला, हे कोणालाच ठरवता आलं नाही.

मागच्या शनिवारी मी मावशींकडून अर्धा किलो जवळा घेतला. त्यांनी मूठभर वर टाकला आणि पिशवी देताना म्हणाल्या, “पाखडून घे गो. वालू लागंल. माज्या हाताला नाय जमत ते.”

मग जराशाने, दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुट्टे देता देता: “त्याचा फोन येतो का गो तिला, बोटीवरनं?”

“येत असेल,” मी म्हटलं. “विचारू का?”

“नको. तू नको इचारू.”

घरी येऊन मी जवळा सुपात घेतला. मला पाखडता येत नाही. बराचसा जवळा जमिनीवर सांडला आणि वाळू सुपातच राहिली.