पेल्यातला ब्रश

बाथरूममध्ये ब्लीचिंग पावडर कालवली की तो उग्र वास थेट टाळूला जातो आणि मला बाबांचे रविवार आठवतात. अकोल्याच्या जुन्या शहरातलं हे आमचं घर, मोर्णा नदीकडच्या भिंतीला ऊन कधी लागत नाही, म्हणून टाइल्सच्या फटी सारख्या काळ्या पडतात. बाबा फटींत पावडर लिंपून ठेवत, चहा पिऊन येत आणि उकिडवं बसून घासत. बाकी आठवडाभर आंघोळ करून निघणाऱ्यावर खेकसत, "भित पुसली का? दार उघडं ठेव, हवा लागू दे तिले." बाबा गेल्यावर भिंत कोणी पुसेना, बुरशी पुन्हा धरली. एका सकाळी मी बेसिनवरच्या पेल्यातला झिजलेला ब्रश उचलला आणि घासायला बसलो. आई दारात येऊन थबकली. "हा नोको," ती म्हणाली, "माहा घे." मग तिनं बाबांचा तो ब्रश माझ्या हातातून काढून घेतला, नळाखाली कितीतरी वेळ धुतला आणि परत पेल्यात ठेवला. आता आईही नाही. आज फटी घासायला मी दुकानातून नवाकोरा ब्रश आणला. दोघांचे जुने अजून पेल्यातच आहेत.